पॅसिव्ह व्हॉइस, अर्धा बँड आणि साठ दिवस

आयेल्ट्स अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेचा माझा निकाल फेब्रुवारीच्या शेवटी लागला. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्ही व्यवस्थित होतं आणि रायटिंगला ६ होते. इथे गुणांना बँड म्हणतात. ज्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करत होते त्याची अट होती प्रत्येक विभागात किमान ६.५. एकूण बँड काढताना सरासरी .२५ वर आली तर ती वरच्या अर्ध्या बँडवर नेतात. पण अट विभागवार असेल तर ही उदारता काही कामाची नसते. म्हणजे अडलं होतं ते नेमकं अर्ध्या बँडवर.

अशा वेळी दोन दारं असतात. एक म्हणजे फेरतपासणी. त्यासाठी परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, शुल्क भरायचं, आणि बँड वाढला तर ते शुल्क परत मिळतं. दुसरं म्हणजे ‘वन स्किल रीटेक’: चारपैकी एकच विभाग पुन्हा द्यायचा, तोही मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. त्यासाठी मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली असावी लागते, ही सोय सगळ्या केंद्रांवर नसते, आणि एका परीक्षेमागे ही संधी एकदाच मिळते. शुल्क पूर्ण परीक्षेपेक्षा कमी असलं तरी किरकोळ नक्कीच नाही. मी फेरतपासणीच्या वाटेला गेले नाही. तिच्या निकालाची वाट बघण्यातच साठातले बरेच दिवस संपले असते, आणि माझा निबंध मला स्वतःलाही ६ चाच वाटत होता.

पैसे भरण्याआधी एक काम मात्र करायलाच हवं. ज्या संस्थेला गुण द्यायचे आहेत ती रीटेकचे गुण मान्य करते का, हे लेखी विचारून घ्या. सगळ्या संस्था करत नाहीत. मी ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘युअर क्वेरी हॅज बीन फॉरवर्डेड टू द रेलेव्हंट टीम.’ मग आठवडाभर काही नाही. आठवण केली, तर ‘युअर क्वेरी इज बीइंग रिव्ह्यूड.’ कोणी पाठवली, कोणाकडे पाठवली, कोण बघतंय, काही कळायला मार्ग नाही, कारण दोन्ही वाक्यं पॅसिव्ह व्हॉइसमधली, करणाऱ्याचं नाव न घेणारी. वैताग आला होता, पण त्या दोन ओळी इतक्या वेळा वाचल्या गेल्या की ‘हॅज बीन’ म्हणजे काम होऊन गेलंय आणि ‘इज बीइंग’ म्हणजे अजून चालू आहे, हा फरक कुठल्याही तक्त्याशिवाय डोक्यात बसला. शेवटी होकार आला आणि मी एप्रिलमधली तारीख घेतली.

आता तयारी. माझी एक मावसबहीण इंग्रजी शिकवते, मी तिला ताई म्हणते. सरावाचे निबंध तिला पाठवले. मला वाटलं होतं की शब्दसंग्रह कमी पडतोय असं सांगेल. तिने फोनवर पहिलंच विचारलं, “अगं, तुझ्या या बाटल्यांच्या आकृतीत इतकी माणसं कुठून आली?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचं किमान १५० शब्दांत वर्णन करायचं असतं. माझ्यासमोर काचेच्या बाटल्यांच्या पुनर्वापराची आकृती होती. मी लिहिलं होतं, ‘पीपल कलेक्ट द बॉटल्स. देन वर्कर्स वॉश देम. देन दे ब्रेक देम.’ व्याकरणात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. पण आकृतीत ना पीपल होते ना वर्कर्स. होत्या फक्त बाटल्या आणि बाण.

ही माणसं आली कुठून, त्याचं उत्तर मराठीत आहे, आणि ते समजल्यावर माझी निम्मी भीती गेली. आपण मराठीत ही आकृती कशी सांगू? ‘बाटल्या गोळा करतात, मग धुतात, मग फोडतात.’ कोण करतात? कोणीच नाही. क्रियापद अनेकवचनी ठेवायचं आणि कर्ता सरळ गाळायचा, ही आपली रोजची सवय आहे. इंग्रजीत मात्र वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही. मग मराठीत विचार करणारा माणूस त्या रिकाम्या जागेत ‘पीपल’ किंवा ‘दे’ कोंबतो. तिथे ज्यांच्यावर काम होतंय त्या बाटल्यांनाच पुढे बसवणं, यासाठी इंग्रजीने पॅसिव्ह ठेवला आहे: ‘द बॉटल्स आर कलेक्टेड, वॉश्ड अँड क्रश्ड.’ बाटल्या पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत समोर राहतात. ‘आर’ एकदाच लिहिला की तिन्ही क्रियापदं त्याच्यावर भागतात, म्हणजे शब्दही वाचतात.

शाळेत आपण हे शिकतो ते असं नाही. तिथे ‘चेंज द व्हॉइस’ असतं. कर्म उचलून पुढे आणा, ‘बी’चं योग्य रूप लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घाला, मागे ‘बाय’ लावून कर्ता चिकटवा. एक गुण. कृती अचूक आहे, पण ती कधी करायची हे त्यात कुठेच नाही. त्यामुळे व्हॉइस म्हणजे एकाच वाक्याचे दोन पोशाख आणि कुठलाही घातला तरी चालतो, असा समज होतो. ताईचं म्हणणं वेगळं होतं. आधी ठरव की परिच्छेद कोणाबद्दल आहे. तो जो कोण असेल त्याला वाक्याच्या सुरुवातीला ठेव. तो काम करत असेल तर अ‍ॅक्टिव्ह, त्याच्यावर काम होत असेल तर पॅसिव्ह. पेनिसिलिनवर लिहीत असाल तर ‘पेनिसिलिन वॉज डिस्कव्हर्ड बाय अलेक्झांडर फ्लेमिंग इन १९२८’ हे सहज येतं. फ्लेमिंगचं चरित्र लिहीत असाल तर तेच वाक्य आडवं येतं, तिथे ‘ही डिस्कव्हर्ड पेनिसिलिन’च हवं.

या उदाहरणात ‘बाय’ आहे कारण शोध कोणी लावला ही खरंच सांगण्यासारखी माहिती आहे. एरवी खऱ्या लेखनात बहुतेक पॅसिव्ह वाक्यांमध्ये ‘बाय’ नसतोच. ‘द थीफ वॉज अरेस्टेड’ पुरे, ‘बाय द पोलीस’ लिहून वाचकाला काही नवीन मिळत नाही. शाळेतल्या सवयीने हात आपोआप ‘बाय’कडे जातो, तो आवरावा लागतो.

पुढचा आठवडा मी कर्मणी प्रयोगात अडकले. तेवढं अडकायची गरज नव्हती, पण बऱ्याच जणांच्या मनात हा गोंधळ असतो म्हणून सांगते. कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह हे समीकरण आपण डोक्यात धरून बसतो. ‘मुलीने पुस्तक वाचलं’ हे मराठीत कर्मणी आहे, कारण क्रियापद पुस्तकाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. पुस्तकाऐवजी गोष्ट आली की ‘वाचली’. पण इंग्रजीत त्याचं ‘द गर्ल रेड द बुक’ होतं, स्वच्छ अ‍ॅक्टिव्ह. मुलगी पुढेच बसलेली आहे, तिला कोणी उठवलेलं नाही. मराठीत इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं रूप म्हणजे ‘पुस्तक वाचलं गेलं’, ज्याला व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणी म्हणतात. तेव्हा इंग्रजी लिहिताना ‘ने’ दिसला म्हणून व्हॉइस बदलू नका.

याहून कितीतरी जास्त उपयोगी पडली ती दुसरी गोष्ट. बाटल्यांच्या आकृतीत पुढे वितळलेली काच साच्यात ओततात आणि ती थंड होऊन घट्ट होते. पॅसिव्हची चटक लागल्यावर मी सगळंच पॅसिव्ह करायला निघाले होते. ताईने थांबवलं. ‘द लिक्विड ग्लास इज पोर्ड इंटू मोल्ड्स, व्हेअर इट कूल्स अँड हार्डन्स.’ ओतणारा कोणीतरी आहे म्हणून ‘इज पोर्ड’. निवणं मात्र काचेचं स्वतःचं आहे, म्हणून ‘कूल्स’. माणसाने घडवलेल्या प्रक्रियेतही जे आपोआप होतं ते अ‍ॅक्टिव्हच राहतं. फुलपाखराच्या किंवा माशाच्या जीवनचक्राची आकृती आली तर जवळपास सगळं अ‍ॅक्टिव्ह: अंडी फुटतात, अळी खाते, वाढते, कात टाकते. अंडी ‘घातली जातात’ तेवढ्यापुरता ‘आर लेड’.

हे ओळखायची किल्ली आपल्याकडे जन्मापासून असते. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, पडणे आणि पाडणे, वाढणे आणि वाढवणे. मराठीने आपोआप होण्याला एक क्रियापद दिलं आणि कोणीतरी करण्याला दुसरं. इंग्रजी बऱ्याचदा एकाच क्रियापदावर दोन्ही भागवते. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे काच फुटली. ‘द ग्लास वॉज ब्रोकन’ म्हटलं की फोडली गेल्याचा वास येतो. ‘प्राइसेस इन्क्रीज्ड’, किमती वाढल्या. ‘प्राइसेस वर इन्क्रीज्ड’, कोणीतरी वाढवल्या. वाक्य लिहिण्याआधी मनात मराठी क्रियापद म्हणून बघायचं. फुटणे गटातलं असेल तर अ‍ॅक्टिव्ह, फोडणे गटातलं असून कर्ता सांगायचा नसेल तर पॅसिव्ह. बदलणे, उघडणे अशी काही क्रियापदं मराठीतही दोन्हीकडे चालतात, तिथे जरा थांबून विचार करावा लागतो. पण एरवी ही कसोटी मला कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर उत्तर देत होती.

आलेखांसाठी तर ती सोन्याची ठरली. रेषा वर गेली, खाली आली, स्थिर राहिली, हे सगळं ‘वाढणे’ गटातलं. म्हणून ‘द फिगर रोज’, ‘द नंबर फेल’. ‘वॉज रिझन’ असं काही नसतंच. हॅपन, ऑकर, अपिअर, डिसअपिअर, राइज, फॉल या क्रियापदांना कर्मच नाही, त्यामुळे पुढे आणायला काही नाही आणि पॅसिव्हही नाही. ‘अपघात झाला’मधल्या ‘झाला’मुळे ‘वॉज हॅपन्ड’ लिहायचा मोह होतो, तो सोडायचा. ‘कन्सिस्ट ऑफ’चंही तसंच: ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ नाही, ‘कन्सिस्ट्स ऑफ’ किंवा ‘इज मेड अप ऑफ’. आणि ‘हॅव’, ‘लॅक’, ‘रिझेम्बल’ यांना कर्म असूनही ती पॅसिव्हमध्ये येत नाहीत. ‘माझ्याकडे गाडी आहे’चा व्हॉइस बदलून दाखवा म्हटलं तर हसूच येईल.

इंटरनेटवर एक गमतीची चाचणी फिरते. वाक्याच्या शेवटी ‘बाय झोंबीज’ लावायचं. लागलं तर पॅसिव्ह. ‘द बॉटल्स आर वॉश्ड बाय झोंबीज’ व्यवस्थित लागतं. ‘द फिगर रोज बाय झोंबीज’ लागत नाही. पोरकट आहे, पण परीक्षेच्या ताणात पोरकट गोष्टीच आठवतात.

मार्चचा उरलेला वेळ तिसऱ्या रूपांत गेला आणि त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पॅसिव्हमध्ये काळाचा सगळा भार ‘बी’ वाहतो, मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप हलत नाही. त्यामुळे ती रूपं पाठच हवीत: टेकन, गिव्हन, बिल्ट, केप्ट, ग्रोन, सेंट, ड्रॉन. ‘बी’ची मोजकी रूपं पुरतात. प्रक्रियेला ‘इज’ किंवा ‘आर’. नकाशाला ‘वॉज’, ‘वर’ आणि ‘हॅज बीन’, कारण तिथे जुनं पाडलेलं आणि नवीन बांधलेलं असतं: ‘द फॅक्टरी वॉज डिमॉलिश्ड’, ‘द फील्ड हॅज बीन कन्व्हर्टेड इंटू अ कार पार्क’. ‘कॅन बी सीन’सारखं एखादं. बारा काळांचे तक्ते भिंतीवर लावू नका, त्यातली काही पॅसिव्ह रूपं इंग्रजी लोकही क्वचितच वापरतात. एक आडवळण मात्र लक्षात ठेवा: ‘दे मेड हिम वेट’मध्ये ‘टू’ नाही, पण पॅसिव्ह करताच तो येतो, ‘ही वॉज मेड टू वेट’. आणि ‘लेट’चा पॅसिव्ह करायला न जाता ‘वॉज अलाउड टू’ वापरा.

दुसऱ्या टास्कचा निबंध हे वेगळंच प्रकरण. तो किमान २५० शब्दांचा असतो आणि पहिल्याच्या दुप्पट वजनाचा. तिथे माझं दुखणं उलटं होतं. ‘इट इज सेड दॅट’, ‘इट इज बिलीव्ह्ड दॅट’, ‘मेझर्स शुड बी टेकन’. भारदस्त वाटतं म्हणून आपण हे पेरत जातो. ताईने प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहून पाठवला, “कोण?” कोण म्हणतं? उपाय कोणी करायचे, सरकारने, शाळांनी की पालकांनी? उत्तर लिहायला बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे मुद्दाच नव्हता, पॅसिव्हने तो खड्डा झाकून टाकला होता. राजकारण्यांना ही सोय चांगली माहीत असते. १९८७ च्या स्टेट ऑफ द युनियन भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल म्हणाले होते, ‘सीरिअस मिस्टेक्स वर मेड’. चुका झाल्या, एवढंच. करणारा वाक्यातून गायब.

म्हणून काही जण पॅसिव्हच टाळा म्हणतात. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका निबंधात लेखनाचे सहा नियम दिले, त्यातला चौथा हाच: अ‍ॅक्टिव्ह वापरता येत असेल तर पॅसिव्ह कधीच वापरू नका. गंमत म्हणजे त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ आहे. लेखन तपासणारी सॉफ्टवेअरही पॅसिव्हखाली रेघ मारतात. माझ्या मते रेघेला घाबरू नये, तिथे फक्त ताईचा “कोण?” विचारावा. बाटल्या कोण धुतं याने काही फरक पडत नाही, तिथे पॅसिव्ह राहू द्या. उपाय कोणी करायचे याने फरक पडतो, तिथे कर्त्याला पुढे आणा.

आणखी एक. बँड कसे ठरतात याचं वर्णन सार्वजनिक आहे, ते जरूर वाचा. व्याकरणाच्या निकषात वाक्यरचनांचं वैविध्य आणि अचूकता बघतात. पॅसिव्ह हा शब्द त्यात कुठेही नाही. पॅसिव्ह घातल्याचे वेगळे गुण मिळत नाहीत, चुकीच्या जागी घातला तर मात्र अचूकता जाते.

परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. नोंदणीला जो पासपोर्ट दिला तोच न्यावा लागतो. रीटेकमध्ये त्या विभागाचं स्वरूप आणि वेळ मूळ परीक्षेसारखीच असते, म्हणजे साठ मिनिटं. त्यातली वीस पहिल्या टास्कला द्यावीत असं सुचवलेलं असतं. पडद्यावर शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंगची चूक दाखवणारं काही नसतं, म्हणून सरावही तसाच, स्पेलिंग-तपासणी बंद करून करावा. कीबोर्डचा आवाज चहूबाजूंनी येतो. मला त्याचा त्रास झाला, एरवी शांततेत सराव केला होता म्हणून असेल.

पहिला टास्क उघडला तर रेषांचा आलेख. एवढ्या बाटल्या फोडल्या, वितळवल्या, ओतल्या, आणि प्रक्रियेची आकृती आलीच नाही. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं की हे सगळं ‘वाढणे’ गटातलं आहे. ‘रोज’, ‘फेल’, ‘रिमेन्ड स्टेबल’ लिहीत गेले, पॅसिव्ह एखाददुसराच आला. निबंधात दोन जागी ‘शुड बी’ लिहून खोडलं आणि ‘गव्हर्न्मेंट्स शुड’ केलं. शेवटची पाच मिनिटं फक्त ‘बी’ची रूपं तपासायला ठेवली होती: एकवचनाला ‘इज’, अनेकवचनाला ‘आर’, आणि पुढे तिसरंच रूप आहे ना. हा क्रम आधीच ठरवून जाणं बरं, नाहीतर शेवटी नजर नुसती ओळींवरून घसरते.

निकाल त्याच आठवड्यात आला. रायटिंग ६.५. अटीपुरतं, त्याहून जास्त नाही. नवीन गुणपत्रिकेत बाकीच्या तीन विभागांचे जुने गुण आणि रायटिंगचे नवे गुण एकत्र येतात, आणि कुठली गुणपत्रिका द्यायची हे आपण ठरवायचं असतं. गुण दोन वर्षं ग्राह्य धरतात. संस्थेला नवी गुणपत्रिका पाठवताना जुन्या अर्जाचा क्रमांक आणि रीटेक चालेल असं सांगणारा त्यांचाच ईमेल सोबत जोडा. मी पहिल्यांदा नुसती गुणपत्रिका पाठवली तेव्हा ती कोणाच्या खात्यात लावायची हेच त्यांना कळेना. ईमेल जोडून पुन्हा पाठवल्यावर दोन दिवसांत अर्जाची स्थिती बदलली.